वाट मोकळी करणारा परमवीर

(अकोला येथे अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर)



आज सकाळी मी अमरावतीहून बडनेरा, मूर्तिजापूर मार्गे आपल्या गावी आलो. हा रस्ता आपल्या सर्वांच्या पायाखालचा आहे. याच रस्त्याने आपण लग्नकार्याला जातो, इस्पितळात जातो, मुलांना महाविद्यालयात सोडतो. जून २०२२ मध्ये या रस्त्याचे नाव जगभर गेले. ३ ते ७ जून या पाच दिवसांत अमरावती-अकोला टप्प्यात ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी काँक्रीटचा एकपदरी थर सलग १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. शेकडो अभियंते, यंत्रचालक आणि मजूर त्या वऱ्हाडी उन्हात अहोरात्र राबले. आपल्या काळ्या मातीत, जिथे आपल्या आजोबांच्या बैलगाड्या आषाढात चाकाच्या आखापर्यंत रुतत असत, तिथे हे घडले याचा अभिमान आपल्याला वाटतो आणि तो वाटायलाच हवा.

मला मात्र आज आपल्याला दुसऱ्या एका रस्त्याची गोष्ट सांगायची आहे. त्या रस्त्यावरही एका अभियंत्याने चार दिवस जवळजवळ अखंड काम केले. तिथे अंतर किलोमीटरांत मोजले गेले नाही. अर्धा मैल, तीनशे यार्ड, हजार यार्ड अशी त्याची मोजदाद आहे. तिथे डांबर नव्हते, यंत्रांचा ताफा नव्हता. डोंगरावरून मशीनगनच्या गोळ्या येत होत्या आणि पायाखाली सुरुंग पेरलेले होते. त्या अभियंत्याचे नाव सेकंड लेफ्टनंट, पुढे मेजर, रामा राघोबा राणे. भारतीय सैन्याच्या अभियंता दलात परमवीरचक्र मिळवणारे ते एकमेव वीर आहेत.

काही काळापूर्वी राणे यांच्याविषयी मी एका शाळेत बोललो. बोलणे संपल्यावर सातवीतला एक मुलगा उभा राहिला आणि त्याने विचारले, "सर, त्यांनी किती शत्रू मारले?" मी क्षणभर थांबलो. परमवीरचक्राचे त्यांचे मानपत्र मी अनेकदा वाचले होते, तरी हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्या संपूर्ण मानपत्रात राणे यांनी एकही शत्रू मारल्याचा उल्लेख नाही. गोळी झाडल्याचाही नाही. देशातला सर्वोच्च युद्धकालीन सन्मान ज्या पुरुषाला मिळाला, त्याने त्या चार दिवसांत केले काय, तर रस्ता मोकळा केला. त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर म्हणजेच माझे आजचे भाषण आहे असे समजावे.

वाट ज्याची, किल्ला त्याचा

रस्ता मोकळा करणे हे युद्धात किती निर्णायक असते, हे समजायला आपल्याला काश्मीरपर्यंत जावे लागत नाही. आपल्याच वऱ्हाडच्या इतिहासात त्याचा कडू धडा नोंदलेला आहे.

२९ नोव्हेंबर १८०३ रोजी याच अकोला जिल्ह्यातील अडगावच्या मैदानावर नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा इंग्रजांनी पराभव केला. त्यानंतर आर्थर वेलस्लीची नजर गेली ती मेळघाटातल्या गाविलगडाकडे. गड दुर्गम होता, तटबंदी भक्कम होती, दारूगोळा भरपूर होता. दक्षिणेकडून वर येणारी चढण इतकी उभी की तिकडून अवजड तोफा नेणे अशक्यच. पण इंग्रजांच्या एका तुकडीने अचलपुरापासून डोंगरात शिरून सुमारे तीस मैलांची वाट स्वतःच्या हातांनी तयार केली. झाडे तोडली, घळी भरल्या, अवजड तोफा माणसांच्या बळावर ओढत नेल्या आणि त्या गडाच्या उत्तर अंगाला आणून उभ्या केल्या. तटाला खिंडारे पडली. १५ डिसेंबर १८०३ रोजी गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. गडावरच्या शिबंदीच्या शौर्यात उणीव नव्हती, किल्लेदार बेनीसिंग लढता लढता धारातीर्थी पडला. पण ज्याने वाट केली त्याने किल्ला घेतला.

ही तारीख लक्षात ठेवा, १५ डिसेंबर. बरोबर १४४ वर्षांनी, १५ डिसेंबर १९४७ रोजी, स्वतंत्र भारताच्या सैन्यात रामा राघोबा राणे यांना सेकंड लेफ्टनंट म्हणून अधिकारपद मिळाले. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून कोणता गूढ अर्थ काढण्याचे कारण नाही. पण गाविलगडाच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तो योगायोग विसरता येणार नाही.

चेंडिया ते खडकी

राणे यांचा जन्म २६ जून १९१८ रोजी कारवारजवळच्या चेंडिया या गावी झाला. त्या वेळी तो भाग मुंबई इलाख्यात होता. वडील पोलीस शिपाई होते. पोलिसाची बदली आज इथे तर उद्या तिथे. त्यामुळे मुलाचे शिक्षण सलग झाले नाही. १९३० च्या सुमारास कायदेभंगाच्या चळवळीने कारवार-अंकोल्याचा परिसर ढवळून निघाला. कोवळ्या वयाच्या रामाच्या मनावर त्या वातावरणाचा परिणाम झाला. सरकारी नोकरीतल्या बापाला मुलाची काळजी वाटणे स्वाभाविक होते. त्यांनी कुटुंब पुन्हा चेंडियाला नेले.

पुढे दुसरे महायुद्ध सुरू झाले आणि १० जुलै १९४० रोजी, वयाच्या बाविसाव्या वर्षी, राणे बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले. हे पथक म्हणजेच पुण्याजवळच्या खडकीचे प्रख्यात 'बॉम्बे सॅपर्स'. पूल बांधणे, रस्ते करणे, सुरुंग पेरणे आणि काढणे, वेळ पडल्यास रायफल उचलून पायदळाबरोबर लढणे, ही सॅपरची कामे. 'सर्वत्र' हे अभियंता दलाचे बोधवाक्य आहे. जिथे सैन्य जाते तिथे सॅपर असतो आणि बहुतेक वेळा तो सैन्याच्या आधी तिथे पोहोचलेला असतो.

प्रशिक्षणात राणे सर्वोत्कृष्ट रंगरूट ठरले आणि त्यासाठी दिली जाणारी कमांडंटची छडी त्यांना मिळाली. नाईक होऊन ते २६ व्या पायदळ डिव्हिजनमधील २८ फील्ड कंपनीत दाखल झाले आणि ब्रह्मदेशच्या आघाडीवर गेले. आराकानातून सैन्य मागे येत असताना बुथिडाँग येथील महत्त्वाची ठिकाणे उद्ध्वस्त करण्यासाठी सॅपरांच्या दोन तुकड्या मागे ठेवण्यात आल्या. राणे त्यांत होते. काम झाल्यावर नौदलाच्या बोटींनी त्यांना उचलायचे असे ठरले होते. ते साधले नाही. समोर नदी आणि नदीवर जपानी गस्त. या माणसांनी आपल्या बळावर ती नदी ओलांडली आणि ते पुन्हा आपल्या डिव्हिजनला येऊन मिळाले. राणे हवालदार झाले, पुढे जमादार झाले.

विद्यार्थी मित्रांनो, इथे थोडे थांबून विचार करा. राणे यांच्याकडे अभियांत्रिकीची पदवी नव्हती. शाळासुद्धा तुकड्यातुकड्याने झाली होती. सैनिक, नाईक, हवालदार, जमादार अशी एकेक पायरी हाताने काम करीत चढून हा माणूस अधिकारी झाला. हाताखालच्या माणसाला जे काम सांगायचे ते त्याने स्वतः अनेक वर्षे केलेले होते. पुढच्या चार दिवसांचे रहस्य मला यात दिसते.

नौशेरा ते राजौरी

ऑक्टोबर १९४७ मध्ये पाकिस्तानातून आलेल्या टोळीवाल्यांनी जम्मू-काश्मीर संस्थानावर आक्रमण केले. २६ ऑक्टोबरला महाराजा हरिसिंग यांनी विलीनीकरणाच्या करारावर सही केली आणि दुसऱ्या दिवशी आपले सैनिक श्रीनगरच्या धावपट्टीवर उतरले. काश्मीर खोऱ्यातील ही लढाई आपल्या माहितीची असते. तिच्या दक्षिणेला, पीर पंजालच्या अलीकडे, नौशेरा, झांगर, राजौरी, पूंछ या पट्ट्यात तितकाच भीषण संग्राम चालू होता.

राजौरी नोव्हेंबर १९४७ मध्ये शत्रूच्या हाती पडली. आसपासच्या खेड्यांतून जीव वाचवून आलेले निर्वासित तिथे गोळा झाले होते. शहर पडल्यावर तिथे मोठा नरसंहार झाला. अनेक स्त्रियांनी विटंबनेपेक्षा मरण जवळ केले. जे वाचले ते बंदिवासात, भीतीच्या छायेत महिने मोजत राहिले. २४ डिसेंबरला झांगरही गेले. ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांच्या ५० पॅराशूट ब्रिगेडने फेब्रुवारीत नौशेरा राखले आणि १८ मार्च १९४८ रोजी झांगर परत घेतले. त्याच झांगरच्या मातीत ३ जुलै १९४८ रोजी उस्मान यांना वीरमरण आले.

झांगर हाती आल्यावर पुढचे लक्ष्य राजौरी. ही कामगिरी ब्रिगेडियर यदुनाथ सिंग यांच्या १९ पायदळ ब्रिगेडकडे होती. सोबत सेंट्रल इंडिया हॉर्सचे रणगाडे होते. रणगाडे राजौरीपर्यंत पोहोचले तर शत्रूला उभे राहता येणार नव्हते. हे शत्रूलाही ठाऊक होते. म्हणून त्याने रस्ताच मारून टाकला. चीडची प्रचंड झाडे आडवी पाडली, मोऱ्या उडवल्या, रस्त्याच्या कडा स्फोटाने ढासळवल्या आणि या सगळ्यांच्या अवतीभोवती सुरुंग पेरले. प्रत्येक अडथळ्यावर डोंगरातून मशीनगनचा नेम धरलेला होता.

चार दिवस

८ एप्रिल १९४८. सकाळचे ११ वाजले आहेत. नौशेरा-राजौरी रस्त्यावर २६ व्या मैलाजवळ, नादपूर साउथ या जागी, ३७ असॉल्ट फील्ड कंपनीची सुरुंग काढणारी तुकडी रणगाड्यांजवळ उभी आहे. तुकडीचे प्रमुख राणे यांना अधिकारी होऊन अजून चार महिनेही झालेले नाहीत. काम सुरू होण्याआधीच शत्रूच्या उखळी तोफांचा मारा सुरू झाला. तुकडीतले दोन जण जागीच गेले. पाच जण जखमी झाले, त्यांत स्वतः राणे होते.

काम सुरू होण्याआधीच दोन सहकारी गमावलेला, स्वतः जखमी झालेला अधिकारी मागे गेला असता तर त्याला कोणी दोष दिला नसता. राणे यांनी उरलेली माणसे पुन्हा गोळा केली, कामे वाटून दिली आणि सुरुंग काढायला सुरुवात केली. दिवसभर ते गोळीबारात रणगाड्यांच्या आसपासच होते. ४ डोग्रा बटालियनने बरवाली डोंगरधार जिंकली तेव्हा दुपारचे साडेचार झाले होते. परिसरात शत्रू अजून शिल्लक होता. तरीही राणे आपली तुकडी घेऊन पुढे गेले आणि रणगाड्यांसाठी वळणरस्ता खोदू लागले. रात्री १० वाजेपर्यंत, शत्रूच्या नजरेसमोर, त्याच्या मशीनगनच्या माऱ्यात हे खोदकाम चालू होते.

९ एप्रिल. सकाळी ६ ला पुन्हा काम. दुपारी ३ वाजता वळणरस्ता तयार झाला. रणगाड्यांचा ताफा निघाला. राणे सर्वांत पुढच्या चिलखती गाडीत चढून बसले. जेमतेम अर्धा मैल गेल्यावर रस्त्यात आडवी चीडची झाडे. उतरले, स्फोटाने झाडे उडवली, पुन्हा गाडीत. तीनशे यार्डांवर पुन्हा तेच. पाचच्या सुमारास एक उडवलेली मोरी लागली. काम सुरू करण्याआधीच मशीनगन सुरू झाली. तशातच बाजूने वाट काढून ताफा पुढे नेला. सव्वासहा वाजले, उजेड सरत आला आणि समोर पाच मोठी झाडे, भोवती सुरुंग, वर मशीनगन. राणे तेही काढायला बसले होते. पण ताफ्याच्या प्रमुखाने परिस्थिती ओळखून रणगाडे रात्रीपुरते सुरक्षित जागी घेतले.

१० एप्रिल. पहाटे पावणेपाच. राणे पुन्हा त्याच पाच झाडांपाशी. साडेसहापर्यंत तो अडथळा दूर झाला. पुढचे हजार यार्ड म्हणजे अडथळ्यांची आणि ढासळवलेल्या बांधांची एक सलग रांगच होती. साडेदहापर्यंत तीही पार झाली. रणगाडे रस्ता सोडून तावीच्या पात्रात उतरले आणि दुपारी २ वाजता चिंगसला पोहोचले. इथे कोणालाही वाटेल की काम संपले. पण रणगाडे नदीपात्रातून जाऊ शकतात, शिधा, दारूगोळा आणि जखमींना वाहणाऱ्या गाड्या जाऊ शकत नाहीत. मागून रसद आली नाही तर पुढे गेलेला रणगाडा दोन दिवसांत लोखंडाचा ढिगारा होतो. हे ओळखून राणे रस्त्यावरच राहिले आणि अन्न व विश्रांती न घेता रात्री ९ पर्यंत काम करीत राहिले.

११ एप्रिल. सकाळी ६ ला प्रारंभ. ११ वाजता चिंगसपर्यंतचा रस्ता वाहतुकीला खुला झाला. ८ तारखेच्या सकाळी ११ पासून मोजा, बरोबर ७२ तास! आणि त्यानंतरही ते थांबले नाहीत. त्या रात्री १० पर्यंत चिंगसच्या पुढचा रस्ता मोकळा करणे चालूच होते. चारही दिवसांचे तास जमवले तर प्रत्यक्ष काम पंचावन्न तासांहून अधिक भरते, तेही जखमी शरीराने.

हाताचे काम

सुरुंग काढणे म्हणजे काय, हे थोडे सांगतो. रणगाड्यासाठी पेरलेला सुरुंग माणसाच्या वजनाने सहसा फुटत नाही, म्हणून त्याच्या शेजारी माणसासाठी वेगळे सुरुंग पेरतात. शोधयंत्रे तेव्हाही होती, पण तोफगोळ्यांच्या लोखंडी कपच्या पडलेल्या जमिनीत ते यंत्र पावलोपावली खोटा इशारा देते. शेवटी सॅपर पोटावर झोपतो, संगिनीचे टोक तिरपे धरून माती हळूहळू टोचत जातो आणि काही कठीण लागले की बोटांनी माती बाजूला करतो. सुरुंग दिसला तरी उचलायचा नसतो. त्याच्या खाली किंवा बाजूला दुसरा सापळा जोडलेला नाही ना, हे आधी पाहावे लागते. या कामात घाई करता येत नाही, आणि डोक्यावरून गोळ्या जात असताना हात कापून चालत नाही. आपल्याकडे हृदयाची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांच्या स्थिर हाताचे कौतुक होते. ते रास्तच आहे. पण त्यांच्या टेबलावर कोणी मशीनगन रोखलेली नसते.

या मोहिमेविषयी आणखी एक हकिकत सांगितली जाते. मानपत्रात ती नाही, परंतु सैनिकी परंपरेत ती पिढ्यानपिढ्या चालत आली आहे. एका टप्प्यावर समोरून इतका मारा होत होता की उघड्यावर पाऊल टाकणे शक्य नव्हते. तेव्हा राणे पुढच्या रणगाड्याच्या पोटाखाली शिरले. दोन दोर त्यांनी चालकापर्यंत नेले. एक ओढला की थांब, दुसरा ओढला की चल. रणगाड्याच्या पट्ट्यांच्या मधल्या अरुंद जागेत सरपटत, समोरचे सुरुंग काढत त्यांनी तो रणगाडा पार नेला. चालकाने दोराचा अर्थ एकदा जरी चुकवला असता तर काय झाले असते, याची कल्पना आपण करू शकता. दोन माणसांनी एकमेकांवर किती विश्वास टाकावा, याचे याहून मोठे उदाहरण मला सुचत नाही.

१२ एप्रिल १९४८ रोजी आपले सैन्य राजौरीत पोहोचले. पळताना शत्रूने तिथे पुन्हा कत्तल केली होती, पण मृत्यूच्या दारात उभे असलेले अनेक जण वाचले. राजौरीत आजही १३ एप्रिलला त्या मुक्तीचे स्मरण केले जाते. मघाच्या त्या सातवीतल्या मुलाला मी हेच सांगितले. बाळ, त्यांनी किती मारले हे कोणी लिहून ठेवले नाही. पण रस्ता एक दिवस उशिरा उघडला असता तर आणखी किती जीव गेले असते, याचा विचार कर.

वज्र आणि दधीची

२६ जानेवारी १९५० रोजी परमवीरचक्राची स्थापना झाली आणि १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या पराक्रमाला ते लागू करण्यात आले. १९४७-४८ च्या युद्धासाठी पाच जणांना हा सन्मान मिळाला. मेजर सोमनाथ शर्मा, नाईक जदुनाथ सिंग आणि कंपनी हवालदार मेजर पीरूसिंग यांना मरणोत्तर. जिवंतपणी तो स्वीकारण्याचे भाग्य लाभले ते लान्स नाईक करमसिंग आणि आपले राणे या दोघांना. आजवर अवघ्या २१ वीरांना हे पदक मिळाले आहे.

या पदकाचे रेखाटन केले सावित्रीबाई खानोलकर यांनी. जन्माने युरोपीय असलेल्या या विदुषीने विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह केला आणि भारतीय संस्कृती मनापासून आत्मसात केली. पदकावर त्यांनी इंद्राचे वज्र कोरले. वृत्रासुराच्या वधासाठी शस्त्र हवे होते, म्हणून दधीची ऋषींनी आपल्या अस्थी दिल्या आणि त्या अस्थींतून वज्र घडले, ही कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. दधीची स्वतः लढले नाहीत. ज्याला लढायचे होते त्याच्यासाठी त्यांनी आपला देह वेचला. हे पदक एका सॅपरच्या छातीवर किती शोभून दिसले असेल!

राणे यांनी त्यानंतर अनेक वर्षे सैन्यात सेवा केली. १९६८ मध्ये ते मेजर या पदावरून निवृत्त झाले. आपल्या सेवाकाळात पाच वेळा त्यांचा युद्धवृत्तांत गौरवाने उल्लेख झाला. ११ जुलै १९९४ रोजी पुण्याच्या कमांड रुग्णालयात त्यांचे निधन झाले. कारवारच्या समुद्रकिनारी त्यांचा पुतळा उभा आहे. २३ जानेवारी २०२३ रोजी अंदमान-निकोबारमधील २१ बेटांना परमवीरांची नावे देण्यात आली, त्यांतील एक राणे यांच्या नावाचे आहे.

आपण काय घेणार?

आता शेवटचे. पुतळ्याला हार घालणे सोपे असते. राणे यांच्या चरित्रातून आपण, वऱ्हाडातली मध्यमवर्गीय कुटुंबे, काय घेणार?

पहिली गोष्ट विद्यार्थ्यांसाठी. रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी आपले नाव कोरले ते जगदीश्वराच्या मंदिराच्या पायरीवर, येणाऱ्या-जाणाऱ्यांचे पाऊल पडावे अशा ठिकाणी. अभियंत्याचे नाव पायरीशी असते, कळसाला नसते. उद्या आपल्यापैकी कोणी मेळघाटात धारणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर एखादी मोरी बांधेल. ती पहिल्या पुरात वाहून गेली तर पलीकडच्या पाड्यावरची अडलेली बाळंतीण दवाखान्यात पोहोचणार नाही. त्या मोरीत सिमेंट किती घातले हे फक्त आपल्याला ठाऊक असेल. मोरी उडवणारा शत्रू आपल्याला लगेच ओळखू येतो. मोरी पोखरणारा शत्रू मात्र पुष्कळदा आपल्याच टेबलावर सही करीत बसलेला असतो. तिथे न कापणारा हात हेही शौर्यच आहे.

दुसरी गोष्ट पालकांसाठी. अभियांत्रिकी पदवीधरांना सैन्याच्या तांत्रिक शाखांत अधिकारी होण्याचे मार्ग आहेत. डेहराडूनच्या अकादमीत त्यांच्यासाठी स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. पुण्यात दापोडीला सैनिकी अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. आपला मुलगा किंवा मुलगी 'मला सैन्यात जायचे आहे' असे म्हणाली तर घरात शांतता पसरते, हे मी पाहिले आहे. त्या शांततेत भीती असते, आणि ती भीती लाजिरवाणी मुळीच नाही. राणे यांच्या वडिलांनाही मुलाची काळजी वाटली होतीच. फक्त नकार देण्यापूर्वी एक रात्र विचार करावा, एवढीच विनंती.

तिसरी गोष्ट आपणा सर्वांसाठी. ८ एप्रिलच्या सकाळी राणे यांच्या तुकडीतले दोन जण पडले. मानपत्रात त्यांची संख्या आहे, नावे नाहीत. मानपत्र एकाचे असते, रस्ता मात्र सगळ्यांनी मिळून केलेला असतो. आपल्या तालुक्यात, कदाचित आपल्याच गल्लीत, अशा सैनिकाची वृद्ध आई किंवा पत्नी राहत असेल. निवृत्तिवेतनाच्या कागदासाठी ती एखाद्या कार्यालयाच्या पायऱ्या चढत असेल. ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाला आपण निधी देतो, तो अवश्य द्यावा. पण वर्षातून एक दिवस आपल्या गाडीत बसवून तिला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात नेले, अर्ज लिहून दिला, रांगेत तिच्याऐवजी उभे राहिले, तर ते राणे यांचे खरे स्मारक होईल. तिच्या वाटेतला एक अडथळा आपल्या हाताने दूर झालेला असेल.

संध्याकाळी मी याच रस्त्याने अमरावतीला परत जाणार आहे. दीड-दोन तासांत घरी पोहोचेन. वाटेत कुठे थांबावे लागणार नाही, कोणी गोळी झाडणार नाही, पायाखाली काही फुटणार नाही. हे निर्वेधपण आपल्याला इतके अंगवळणी पडले आहे की त्याची किंमत कोणीतरी मोजली आहे, हे आपण विसरून जातो. आपणही आज घरी जाताना ज्या रस्त्याने जाल, तिथे क्षणभर त्या ७२ तासांचे स्मरण करावे, अशी प्रार्थना करतो आणि आपली रजा घेतो.

जय हिंद!